सौरविजेचा ‘छापखाना’ उभारणारा कारागीर

स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी महाविद्यालयाची पायरी कधी चढली नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात २४ नोव्हेंबर १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील लिथुआनियातून आलेले ज्यू स्थलांतरित. भंगार धातूचा व्यापार हे घराचे उपजीविकेचे साधन होते आणि कामगार चळवळीचे संस्कारही घरातूनच मिळाले. शाळा संपेपर्यंत स्टॅनफर्ड यांचा हात लेथवर बसला होता. उरलेले शिक्षण त्यांनी ग्रंथालयांतून मिळवले. पुढे ४००हून अधिक पेटंटे नावावर असलेल्या या संशोधकाची मूळ ओळख मात्र यंत्रकारागीर हीच होती.

१९६० मध्ये जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या पत्नी आयरिस यांच्यासह त्यांनी डेट्रॉइटमध्ये एक छोटी प्रयोगशाळा थाटली. ‘एनर्जी कन्व्हर्जन डिव्हायसेस’ या कंपनीचा उगम तो. खनिज तेलावरचे अवलंबित्व संपवणे आणि विज्ञान सामान्य माणसाच्या उपयोगी आणणे, हे दोघांचे उद्दिष्ट होते. त्या काळी इलेक्ट्रॉनिक्सची सारी मदार अणूंची शिस्तबद्ध रचना असलेल्या स्फटिकांवर होती. ओव्हशिन्स्की यांनी मात्र काचेसारखे विस्कळीत रचनेचे, ‘अस्फटिक’ पदार्थ निवडले. असे पदार्थ विजेच्या स्विचसारखे वागतात, हे दाखवणारा त्यांचा शोधनिबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांनी तो पहिल्या पानावर नेला, तर अनेक शास्त्रज्ञांनी पदवी नसलेल्या माणसाच्या दाव्याकडे संशयाने पाहिले. नेव्हिल मॉट यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीचे तंत्र याच संशोधनातून पुढे आले. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीही त्यांच्याच कंपनीने प्रत्यक्षात आणली.

त्यांचे सर्वात मोठे स्वप्न होते ते सौरविजेचे. नेहमीच्या सौर पॅनेलसाठी स्फटिक सिलिकॉनच्या चकत्या कापाव्या लागतात. त्या ठिसूळ असल्याने काच आणि चौकट लागते, वजन वाढते. अस्फटिक सिलिकॉन प्रकाश इतक्या जोमाने शोषून घेते की, एक मायक्रॉनहूनही पातळ थर पुरतो. मग हा थर लवचिक पत्र्यावर का चढवू नये? वृत्तपत्राच्या छपाईत कागदाचे रीळ यंत्रातून धावते, तसा पोलादाचा पातळ पत्रा निर्वात कक्षांतून धावू लागला. वायूंच्या प्लाझ्मातून त्यावर एकामागोमाग एक थर बसत गेले. सौर घट एकेक न बनवता मैलांच्या हिशेबाने काढायचे, हा त्यामागचा ध्यास होता. सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या पत्र्यावर घट तयार होऊ लागले. छपरावर गालिच्यासारखे चिकटवता येणारे, पायाखाली आले तरी न फुटणारे पॅनेल त्यातून निघाले. या कामात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून गेलेले शुभेंदू गुहा यांचा मोलाचा वाटा होता.

अडचण होती ती कार्यक्षमतेची. उन्हात ठेवल्यावर अस्फटिक सिलिकॉनची क्षमता सुरुवातीला घटते. त्यावर उपाय म्हणून प्रकाशाचे वेगवेगळे रंग टिपणारे तीन घट एकावर एक रचण्यात आले. तरीही तेवढ्याच विजेसाठी स्फटिक पॅनेलच्या जवळपास दुप्पट जागा लागे. सिलिकॉन महाग होते तोवर हा सौदा परवडला. २००८ नंतर स्फटिक पॅनेलच्या किमती कोसळल्या आणि गणित विस्कटले.

आयरिस यांचे २००६ मध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी ओव्हशिन्स्की कंपनीतून बाहेर पडले. वयाच्या पंचाऐंशीच्या उंबरठ्यावर त्यांनी नवी प्रयोगशाळा काढली आणि थर चढवण्याचा वेग अनेक पटींनी वाढवण्याचे काम हाती घेतले. फेब्रुवारी २०१२ मध्ये जुन्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांनी निवडलेला पदार्थ बाजारात टिकला नाही, हे खरेच. परंतु सूर्यप्रकाशापासूनची वीज कोळशाच्या विजेहून स्वस्त व्हायला हवी आणि ती प्रचंड उत्पादनातूनच होईल, हा त्यांचा आग्रह काळाने खरा ठरवला. गंमत अशी की, तो खरा ठरवला त्यांच्या प्रतिस्पर्धी स्फटिकांनी. वजन न पेलणारी छपरे आणि वक्र पृष्ठभाग यांसाठी हलक्या, लवचिक सौर घटांचा शोध मात्र आजही सुरू आहे. पेरोव्हस्काइटसारखे नवे पदार्थ धावत्या पट्टीवर चढवू पाहणारे संशोधक या यंत्रकारागिराच्याच वाटेने चालले आहेत.