डॉ. वसंत खानोलकर: कर्करोग आणि जंतू, दोन्हींचा माग घेणारे डॉक्टर

नाशिकमध्ये माझ्याकडे केमोथेरपी चालू असलेले रुग्ण तापासाठी येतात. काहींच्या छातीत त्वचेखाली केमो पोर्ट बसवलेला असतो. अशा वेळी पहिला प्रश्न असतो: जंतू कोणता? नमुना तपासून मगच निदान करण्याची शिस्त भारतात रुजवणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रभागी होते.

त्यांचा जन्म १८९५ चा. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये त्यांनी पॅथॉलॉजीत एमडी केले आणि मुंबईत वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. रुग्णाच्या सवयींचा आजाराशी काय संबंध, हे ते शोधत. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग त्यांनी अभ्यासला. कमरेवर धोतर घट्ट बांधल्याने तिथे होणाऱ्या कर्करोगाची नोंदही केली. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, तेही त्यांच्याच नेतृत्वाखाली.

याच काळात ते कुष्ठरोगावरही काम करत होते. या रोगाचा जंतू नसांमध्ये कसा शिरतो, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. केमो पोर्ट त्यानंतर, १९८० च्या दशकात वापरात आले.

कुष्ठरोगाच्या जंतूचे काही दूरचे नातेवाईक पाण्यात आणि मातीत राहतात. त्यांना 'वेगाने वाढणारे मायकोबॅक्टेरिया' म्हणतात. क्वचित ते पोर्टवर चिकट थर करून बसतात. नेहमीची अँटिबायोटिक्स त्यांच्यावर बहुधा चालत नाहीत. अनेकदा पोर्ट काढावा लागतो आणि योग्य औषधे बरेच आठवडे घ्यावी लागतात. साध्या तपासणीत हे जंतू निसटू शकतात. म्हणून ताप हटत नसेल, तर डॉक्टर लॅबला या जंतूंची शंका कळवतात. मग लॅब कुष्ठरोग व क्षयासाठी वापरतात तशी खास रंगतपासणी करते आणि कल्चर जास्त दिवस ठेवते.

रुग्णांनी लक्षात ठेवावे:

• पोर्टमधून औषध किंवा सलाइन दिल्यावर हुडहुडी भरून ताप आला, तर लगेच कळवा.
• पोर्टजवळ लाली, दुखणे, पू दिसला तरी तसेच करा.
• घरचे उरलेले अँटिबायोटिक घेऊ नका. त्याने कल्चरमध्ये जंतू सापडेनासा होतो.
• केमोनंतर ताप आल्यास थांबू नका. रुग्णालयात पोर्टमधून आणि हातातून रक्ताचे नमुने घेऊन लगेच उपचार सुरू होतात. अहवाल आल्यावर औषध बदलता येते.

उपचाराला उशीर करायचा नाही आणि जंतूची ओळखही सोडायची नाही. खानोलकरांच्या कामातून आपण घ्यायचे ते हेच.