ट्रंपेटवाले चिक चॉकलेट

स्मरणिकेसाठी एखाद्या दिवंगत व्यक्तीचे चरित्र लिहावे असे मला सांगण्यात आले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. संतांवर व समाजसुधारकांवर लिहिणाऱ्या माझ्याहून जाणत्या भगिनी मंडळात आहेत. म्हणून मी एका वादकाविषयी चार शब्द लिहिते. त्यांचे नाव चिक चॉकलेट. नाव वाचून हसू येईल, पण त्यांचे वाजवणे आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेले आहे.

त्यांचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ साली, गोव्यातील बारदेशात, हळदोणे गावी. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. तिथे चर्चच्या शाळांतून मुलांना कागदावर लिहिलेले सूर वाचायला शिकवीत. त्या विद्येच्या बळावर पुष्कळ गोवेकर पोटासाठी मुंबई गाठीत. आपले कोकणातले चाकरमानी गिरणीत गेले, तसे हे वाद्ये घेऊन गेले.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ पासून अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचे बँड येऊ लागले. त्यांचे संगीत म्हणजे जॅझ. त्यात ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन अशी फुंकून वाजवायची वाद्ये असतात, आणि वादक ठरलेल्या चालीत ऐनवेळी स्वतःची भर घालतो. आपले गवई तान घेतात, तसेच काहीसे. वाझ ट्रंपेट वाजवीत. लुई आर्मस्ट्राँग या थोर अमेरिकन वादकाला त्यांनी मनोमन गुरू मानले होते. पुढे लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. त्यांच्या स्वतःच्या बँडने ताजमध्ये वाजवले.

पण हॉटेलातले ते संगीत श्रीमंतांपुरतेच होते. स्वातंत्र्यानंतर साहेब लोक गेले, १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली, आणि नाचगाण्याच्या जागांचे उत्पन्न घटले. वादकांना चित्रपटांचा मोठा आधार झाला. संगीतकार चाल गाऊन दाखवीत. गोवेकर वादक ती कागदावर उतरवून कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे ते लिहून देत. त्या काळी गायक व वादक एकत्रच गाणे ध्वनिमुद्रित करीत. एकजण चुकला की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे.

आपले सी. रामचंद्र यांच्यासाठी चिक यांनी असे काम केले. भगवानदादांच्या १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये त्यांची साथ आहे. एका गाण्यात तर ते बँडसह पडद्यावरही दिसतात. मदनमोहन यांच्याकडेही त्यांनी काम केले. ‘नादान’ (१९५१) आणि ‘रंगीली’ (१९५२) यांना त्यांनी स्वतः संगीत दिले. १९६७ साली ते वारले. वय पन्नाशीच्या आसपास, म्हणजे जाण्याचे नव्हे.

‘अलबेला’ची गाणी लागली की गाणारे कोण, नाचणारे कोण, ते आपण लगेच सांगतो. मागे ट्रंपेट कोणाचा, हे विचारीत नाही. शिमग्यात पालखी नाचवणाऱ्यांची नावे घरोघर ठाऊक असतात, ढोल वाजवून हात सुजवणाऱ्याचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. घर चालवणाऱ्या आपणा बायकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून एवढीच विनंती. रेडिओवर ते गाणे लागले की मुलाबाळांना सांगावे, हा ट्रंपेट हळदोण्याच्या वाझ यांचा.