देवालयाचा जीर्णोद्धार आणि पुण्यश्लोक अहिल्याबाई

महाशिवरात्रीचे पर्व आले की आमच्या देवणी परिसरातील भाविकांची पावले परळीच्या वैद्यनाथाकडे आणि औंढ्याच्या नागनाथाकडे वळतात. पिंडीवर बिल्वदल वाहताना, हे देवालय पडझडीतून कोणी सावरले, हा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो. या दोन्ही क्षेत्रांच्या जीर्णोद्धाराशी पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव निगडित आहे. आजच्या पुण्यदिनी आम्ही त्या मातेचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या खेड्यात, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी झाला. आज तो जिल्हा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सुभेदार मल्हारराव होळकरांनी या कन्येचे तेज ओळखून तिला आपली सून केले. परंतु दैवाने सुख फार काळ राहू दिले नाही. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव कामी आले. सती जाण्यास सिद्ध झालेल्या सुनेला वृद्ध सासऱ्यांनी राज्याची शपथ घालून परावृत्त केले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि पुढल्याच वर्षी एकुलता एक पुत्र मालेराव गेला. अशा शून्य झालेल्या संसारातून उठून बाईंनी नर्मदातीरी महेश्वर येथे राहून सुमारे अठ्ठावीस वर्षे राज्यशकट हाकला.

देवकार्यासाठी द्रव्य कोठून आले, हा या चरित्राचा गाभा होय. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीचे स्वतंत्र उत्पन्न नेमून दिले होते. सासूबाईंच्या पश्चात ते अहिल्याबाईंकडे आले. दौलतीचा पैसा निराळा आणि खासगीचा निराळा, असा काटेकोर हिशेब त्यांनी ठेवला आणि दानधर्म केला तो खासगीतून. मालेरावांच्या मृत्यूनंतर राघोबादादा होळकरांच्या खजिन्यावर डोळा ठेवून माळव्यात आले. तेव्हा बाईंनी त्यांना कळविले, असे परंपरेने सांगितले जाते, की हे धन आम्ही तुळशीपत्र ठेवून धर्मास अर्पण केले आहे. ब्राह्मण म्हणून हातावर उदक घेऊन दान स्वीकाराल तर देऊ, बळाने मात्र एक कवडीही मिळणार नाही. दादासाहेब रिकाम्या हाती परतले.

तुळशीपत्र ठेवलेल्या त्या धनातून काय उभे राहिले ते पाहावे. काशीचे विश्वेश्वराचे देवालय १६६९ मध्ये पाडले गेले होते. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १७८० च्या सुमारास बाईंनी तेथे नवे मंदिर उभारले. १७८३ मध्ये सोमनाथास आणि १७८७ मध्ये गयेस विष्णुपदाचे मंदिर बांधविले. यांतील एकही स्थान होळकरांच्या राज्यात नव्हते. आपला मराठवाडाही त्या काळी निजामाच्या अमलाखाली होता. देवाला सीमा नसते, मग देवकार्याला कशी असेल, हीच त्यांची धारणा असावी.

तथापि भिंती उभारून बाई थांबल्या नाहीत. देवालयांची पूजाअर्चा चालावी, अन्नछत्रे अखंड राहावीत, म्हणून त्यांनी कायमची नेमणूक करून दिली. दूरदूरच्या देवस्थानांना दरसाल गंगोदकाच्या कावडी जात. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया असत आणि नांगराला जुंपलेल्या बैलांनाही पाणी पाजण्यासाठी माणसे फिरत. ज्या देवणीच्या गोवंशाची कीर्ती देशभर आहे, त्या आमच्या भागातील शेतकऱ्यांना या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

उतारवयात जावई निवर्तले आणि कन्या मुक्ताबाई मातेची विनवणी न मानता सती गेली. तो घाव सोसूनही बाईंचा नित्यक्रम ढळला नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांनी देह ठेवला.

आज गावोगाव जीर्णोद्धार होत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. वर्गणी जमते, कलशारोहण होते, महाप्रसादाच्या पंगती उठतात. परंतु चार वर्षांत शिखराच्या सांध्यात पिंपळ उगवतो आणि गाभाऱ्यातील समईला तेल उरत नाही. यात आमचाही दोष आहे. आम्ही कीर्तनात उभे राहून कळसासाठी झोळी पसरली, तेलासाठी कधी पसरली नाही. कळसासाठी देणाऱ्यांची नावे आम्ही मोठ्याने घेतली, गाभारा झाडणाऱ्या हातांचे स्मरण आम्हांस राहिले नाही.

म्हणून या शिवरात्रीस वाचकांजवळ आमचे एवढेच मागणे आहे. आपल्या गावच्या महादेवासाठी वर्गणी द्याल तेव्हा तिचे दोन भाग करावे, एक भिंतीसाठी आणि एक नंदादीपासाठी. पाईपाईचा हिशेब देवासमोर वाचून दाखवावा. त्या द्रव्यावर मनोमन तुळशीपत्र ठेवावे, म्हणजे त्यावर पुन्हा आपला हक्क राहत नाही. अहिल्यामातेस याहून वेगळी पूजा नको.