ओझ्याचं गणित मांडणारा प्राध्यापक

भिवंडीच्या गोदामांत कापडाची गाठ पाठीवर घेऊन ट्रककडे निघालेला हमाल नेहमी दिसतो. गाठीचं वजन काट्यावर कळतं. पण ती पेलताना पाठीच्या स्नायूंना किती जोर लावावा लागतो, हे काटा सांगत नाही. तो हिशेब साडेतीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका गणिताच्या प्राध्यापकाने मांडला. जिओव्हानी अल्फोन्सो बोरेली हे त्यांचं नाव. जैवयांत्रिकी या शाखेचे ते जनक मानले जातात.

बोरेली यांचा जन्म १६०८चा, नेपल्सचा. गॅलिलिओचे शिष्य कास्तेल्ली यांच्याकडे रोममध्ये गणित शिकून ते सिसिलीतल्या मेसिना इथे प्राध्यापक झाले. १६५६मध्ये ते पिसा विद्यापीठात गेले. तिथे मार्चेल्लो माल्पिगी त्यांचे सहकारी होते. पुढे केशवाहिन्यांचा शोध लावणारे ते हेच. त्यांच्या सहवासात बोरेलींनी प्राण्यांच्या शरीराचा कसून अभ्यास केला.

लहानशा जोरावर स्नायू मोठं वजन उचलतात, असा तोवरचा समज होता. बोरेलींनी तो उलटा ठरवला. पहारीने दगड हलवताना आपण टेकूपासून लांब धरतो, म्हणून कमी जोर पुरतो. शरीरात नेमकं याच्या विरुद्ध घडतं. कोपर हा टेकू. दंडाचा स्नायू त्याच्यापासून जेमतेम ४-५ सेंटिमीटरवर जोडलेला आणि हातातली पिशवी सुमारे ३५ सेंटिमीटरवर. त्यामुळे कोपर काटकोनात ठेवून १० किलोची पिशवी धरली, तर स्नायूंना ७० ते ८० किलोंइतका ताण सोसावा लागतो. बदल्यात स्नायू थोडासा आखडला तरी हात झपकन लांबवर फिरतो. माणूस स्वतःच्या स्नायूंच्या बळावर पंख लावून उडू शकणार नाही, हेही त्यांनी हिशेबाने दाखवलं. स्नायू कशामुळे आखडतात, याबद्दलचा त्यांचा तर्क मात्र पुढे चुकीचा ठरला.

उतारवय हालाखीत गेलं. स्पेनच्या सत्तेविरुद्धच्या हालचालींत सामील असल्याच्या संशयामुळे त्यांना मेसिना सोडून रोम गाठावं लागलं. तिथे नोकराने चोरी करून त्यांना लुबाडलं. मग एका धर्मसंस्थेच्या आश्रयाला राहून ते मुलांना गणित शिकवू लागले. आयुष्यभराचं काम असलेला ग्रंथ छापायला पैसे नव्हते. अखेर स्वीडनची माजी राणी क्रिस्टिना हिने खर्च देऊ केला; पण ३१ डिसेंबर १६७९ रोजी बोरेली वारले. ‘दे मोतू अनिमालियुम’ हा तो ग्रंथ १६८०-८१मध्ये दोन भागांत निघाला. त्यातला पहिला भाग आला, त्याच वर्षी इकडे शिवाजी महाराजांचं निधन झालं.

बोरेलींचं गणित आजही कामाला येतं. ओझं अंगापासून जितकं लांब, तितका कमरेवरचा ताण जास्त. म्हणून खालची गाठ उचलताना कमरेतून वाकू नये. गुडघे वाकवून ती छातीशी घ्यावी आणि मगच उठावं. गाठीचं वजन तेवढंच राहतं, पण कंबर वाचते.