देवळालीचे कापरेकर गुरुजी : खडू-फळ्यावरून जगभर पोहोचलेला ६१७४

हिवरे बाजार (ता. नगर) : शाळेत बीजगणित सुरू झालं की बऱ्याच पोरांच्या पोटात गोळा येतो. आकड्यांपर्यंत ठीक असतं, पण ‘क्ष’ आणि ‘य’ आले की वही मिटते. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात एक शाळामास्तर होऊन गेले. त्यांनी आकड्यांचे असे काही खेळ शोधले, की ते खेळता खेळता पोरगं आपसूक बीजगणितात शिरतं. त्यांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकर गुरुजींचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटलं की आकडेमोड आलीच, तिथूनच पोराला आकड्यांची गोडी लागली. शाळा ठाण्यात झाली. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ साली त्यांना गणिताचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ ला ते पदवीधर झाले. त्यापुढचं शिक्षण काही झालं नाही.

१९३० साली ते देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ ला तिथूनच निवृत्त झाले. दिवसा पोरांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात कागद-पेन्सिल घेऊन आकडे मांडत बसायचं, असा त्यांचा क्रम. आकड्यांचं आपल्याला व्यसनच आहे, असं ते स्वतः सांगत. सापडेल ते छोट्या पुस्तिकांमधून पदरमोड करून छापत. लोक त्यांना गणितानंद म्हणत.

दुष्काळी सालाचा खेळ

१९४६ साली त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. खेळ साधा आहे. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या अजून लक्षात असलेलं दुष्काळाचं साल घेऊ, १९७२.

९७२१ – १२७९ = ८४४२
८४४२ – २४४८ = ५९९४
९९५४ – ४५९९ = ५३५५
५५५३ – ३५५५ = १९९८
९९८१ – १८९९ = ८०८२
८८२० – ०२८८ = ८५३२
८५३२ – २३५८ = ६१७४

आता ६१७४ चं करून बघा. ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४ च. संख्या कुठलीही घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत गाडी इथंच येऊन थांबते.

बीजगणित कुठं आलं?

वर्गात चाळीस पोरं असली तर प्रत्येकाने आपापलं जन्मसाल घ्यावं. सगळ्यांचं उत्तर एकच आलं की कुणीतरी विचारणारच, असं का होतं? त्या प्रश्नाला नुसते आकडे पुरत नाहीत, तिथं अक्षरं लागतात.

आधी दोन अंकी संख्या घ्यावी. दशकाचा अंक क्ष, एककाचा य. संख्या झाली १०क्ष + य. उलटी केली की १०य + क्ष. वजाबाकी ९(क्ष – य). म्हणजे ७२ मधून २७ गेले, उरले ४५, तेच ९ गुणिले ५. दहावीला दोन चलांच्या समीकरणात अंकांची अदलाबदल करायची उदाहरणं येतात, त्यांचं मूळ हेच आहे.

चार अंकांचंही तसंच. मोठ्याकडून लहानाकडे अंक अ, ब, क, ड असले तर वजाबाकी येते ९९९(अ – ड) + ९०(ब – क). म्हणजे पहिलं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. या दोन फरकांच्या जोड्या होतात ५४. हजारो संख्या तपासत बसायची गरज नाही, ५४ तपासल्या की काम झालं. वर्गात गट पाडून त्या वाटून घेतल्या तर एका तासात उरकतात. अक्षरांमुळे कष्ट किती वाचतात, हे पोरांना तिथं स्वतःच दिसतं.

गुरुजींचे असे आणखी खेळ आहेत. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे केले, २० आणि २५, तर बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. एका प्रकारच्या संख्यांना तर त्यांनी आपल्या गावाचंच नाव दिलं, देवळाली संख्या.

कदर उशिरा झाली

आपल्याकडच्या अनेक मोठ्या गणितज्ञांना हा पोरखेळ वाटायचा. १९७५ साली अमेरिकेतले मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर झालं. तोवर गुरुजी सत्तरीला पोहोचले होते. १९६६ ला पत्नी वारल्या होत्या. पेन्शन पुरत नव्हती, म्हणून म्हातारपणी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन ते दिवस काढत होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचं निधन झालं. आज बाहेर देशांतही पोरं ६१७४ चा खेळ खेळतात, आपल्या कितीतरी शाळांत मात्र गुरुजींचं नावही माहीत नसतं.

हिवरे बाजारसारख्या गावात तर बीजगणित ग्रामसभेत बसलेलं आहे. दरवर्षी पाऊस मोजायचा, जमिनीत मुरलेलं पाणी धरायचं, त्यातून माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं. उरलं किती, त्यावर पिकं ठरवायची. पाण्याच्या या ताळेबंदात जे उरतं तोच ‘क्ष’. गावाचा क्ष ज्याला कळला, त्या पोराला वहीतल्या क्षची भीती वाटायचं कारण नाही.

आज रात्री जेवणं झाली की मोबाईल जरा बाजूला ठेवा, पोरांना जवळ बसवा आणि प्रत्येकाला आपलं जन्मसाल मांडायला सांगा. सातच्या आत ६१७४ आलं नाही तर कुठंतरी वजाबाकी चुकली असं समजा आणि पुन्हा करा.