हॉपरबाईंची वही

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर दोघंच जागे असतात. एक मेसमागचा कुत्रा आणि दुसरा ज्याचा प्रोजेक्ट चालत नाही तो. मागच्या सेमिस्टरला तो दुसरा मी होतो.

आमचा मिनी प्रोजेक्ट म्हणजे मेसच्या बिलांचं सॉफ्टवेअर, सी-शार्पमध्ये. कॉम्बोबॉक्समधून खोली निवडली की खाली तिचं बिल दिसणार. पण फॉर्म उघडतानाच एरर! कॉम्बोबॉक्सला मी बोटसुद्धा लावलेलं नसायचं. पहाटे तीनपर्यंत कंट्रोल पुसून नवा टाकला, ओळी वरखाली केल्या, शेवटी सगळं पुन्हा इन्स्टॉल केलं. काही फरक नाही. मग जे सगळे करतात तेच मीही केलं. तो फॉर्म पार्टनरने लिहिला होता, त्याच्यावर खापर फोडलं. सकाळी आमचं बोलणं बंद. सरांनी दोन दिवस वाढवून दिले.

त्या दुपारी लायब्ररीत तोंड लपवून बसलो असताना ग्रेस हॉपर यांच्याबद्दल वाचत गेलो. बाईंचा जन्म 9 डिसेंबर 1906 चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायला त्यांनी ते खोललं. परत जुळेना म्हणून दुसरं खोललं. असं करत घरातली सात घड्याळं खोलली! 1934 मध्ये येल विद्यापीठाची गणितातली पीएच.डी. मिळवली. व्हासार कॉलेजात शिकवत होत्या, तेवढ्यात महायुद्ध आलं. 1943 मध्ये नौदलाच्या राखीव दलात गेल्या. वजन कमी भरत होतं, त्यासाठी खास सूट घ्यावी लागली.

1944 मध्ये त्यांना हार्वर्डला पाठवलं. तिथे मार्क वन नावाचं 51 फूट लांबीचं धूड होतं. त्याच्यासाठी त्यांनी प्रोग्रॅम लिहिले आणि त्याचं 500 हून जास्त पानांचं मॅन्युअलही मुख्यतः त्यांनीच लिहून काढलं. (इथे मला आमचं चार पानांचं डॉक्युमेंटेशन आठवलं.)

मग मार्क टू आलं. 9 सप्टेंबर 1947 रोजी ते नीट चालेना. शोधता शोधता पॅनेल एफमधल्या 70 नंबरच्या रिलेत अडकलेलं एक मेलेलं पाखरू सापडलं. ते चिकटपट्टीने वहीत चिकटवलं, शेजारी वेळ लिहिली, दुपारचे 3:45. बग हा शब्द त्याच्याही आधीचा, एडिसनच्या काळापासून वापरातला. पाखरू बाईंनी स्वतः पकडलेलं नव्हतं, पण तो किस्सा त्यांनी जन्मभर सांगितला. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मला पाखरापेक्षा वहीच जास्त आवडली. कुठे, किती वाजता, काय सापडलं, बस्स. चूक कोणाची, याबद्दल एक अक्षर नाही.

रूमवर आलो आणि मीही वही काढली. प्रत्येक इव्हेंटमध्ये एक ओळ छापायला लावली आणि जे जे चाललं ते क्रमाने लिहीत गेलो. तिसऱ्याच नोंदीला पाखरू सापडलं! कॉम्बोबॉक्सला डेटासोर्स दिला की निवड आपोआप पहिल्या नावावर जाते आणि सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड हा इव्हेंट तिथेच चालतो. निवड बदलली एवढंच तो सांगतो, कोणी क्लिक केलं असं नाही. आमची व्हॅल्यूमेंबरची ओळ डेटासोर्सच्या खाली होती. त्यामुळे त्या क्षणी खोली नंबराच्या जागी टेबलची अख्खी रो हातात यायची आणि तिचा आकडा करताना प्रोग्रॅम कोसळायचा. व्हॅल्यूमेंबर वर घेतलं, इव्हेंट यादी भरल्यानंतर जोडला, फॉर्म उघडला. आणि त्या ओळींचा क्रम पार्टनरने नाही, कोड नीटनेटका करायच्या नादात मीच बदलला होता.

पुढचं वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं. तयार कोड वहीतून हाताने उतरवताना आणि पत्ते बेरजेने बदलताना प्रोग्रॅमर हमखास चुकतात, हे बाईंनी पाहिलं होतं. स्वतः बाईंनीच एकदा बँकेचा हिशेब अष्टमान पद्धतीत वजा केला होता म्हणे! त्यांनी माणसांना नावं ठेवली नाहीत, ते काम मशीनकडे दिलं. 1952 चा त्यांचा ए-झिरो कंपायलर त्यातूनच आला. पुढे इंग्रजीसारखी वाचता येणारी फ्लो-मॅटिक भाषा आली आणि तिच्या पायावर 1959 मध्ये कोबोलची आखणी सुरू झाली. व्याख्यानात त्या साधारण 30 सेंटिमीटरचे वायरचे तुकडे वाटायच्या. नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढीच धावते, हे हातात धरून बघा म्हणून. 1986 मध्ये 79 व्या वर्षी रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या आणि 1 जानेवारी 1992 ला गेल्या.

त्या रात्री मी ती वही घेऊन पार्टनरच्या रूमवर गेलो. सॉरी म्हणायला जीभ वळेना, म्हणून तिसरी नोंद उघडून समोर ठेवली. त्याने वाचली, हसला आणि चहाला चल म्हणून उठला. पैसे अर्थातच मी दिले.