अलेक्सी कारेल

अलेक्सी कारेल (२८ जून १८७३ – ५ नोव्हेंबर १९४४) हे फ्रेंच शल्यचिकित्सक व जीवशास्त्रज्ञ होते. रक्तवाहिन्या टाके घालून सांधण्याची खात्रीची पद्धत त्यांनी विकसित केली. आजची अवयव-प्रत्यारोपण शस्त्रक्रिया याच पद्धतीच्या पायावर उभी आहे. या कार्याबद्दल त्यांना १९१२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवन व शिक्षण

कारेल यांचा जन्म फ्रान्समधील ल्यों शहराजवळ झाला. ते पाच वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. त्यांनी ल्यों येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले. जून १८९४ मध्ये त्याच शहरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेल्याने त्यांचा मृत्यू झाला. अशी शीर सांधणे त्या काळी शल्यचिकित्सकांना अशक्य वाटत असे; तरुण कारेल यांना मात्र ते मान्य नव्हते.

टाक्यांची साधना

ल्यों हे रेशमी वस्त्रांचे शहर. तेथील मादाम लरूदिए या निष्णात भरतकाम करणाऱ्या स्त्रीकडून कारेल यांनी अतिशय बारीक सुई व रेशमी धागा वापरण्याचे धडे घेतले. रक्तवाहिनीच्या कडेवर समान अंतरावर तीन टाके घालून ते ताणले, की गोल तोंड त्रिकोणी होते व प्रत्येक बाजू सरळ शिवता येते. सुई-धाग्याला व्हॅसलीन लावल्याने रक्त गोठण्याचा धोकाही कमी झाला. ही पद्धत त्यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केली.

प्रत्यारोपणाचे प्रयोग

१९०४ मध्ये कारेल फ्रान्स सोडून उत्तर अमेरिकेत गेले. शिकागो येथे चार्ल्स गथ्री यांच्यासह व १९०६ पासून न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. प्राण्याचे स्वतःचेच मूत्रपिंड काढून पुन्हा बसवल्यास ते कार्य करी. दुसऱ्या प्राण्याचे मात्र काही काळाने निकामी होई. दोष टाक्यांचा नसून शरीराच्या स्वभावात आहे, हे त्यांनी ओळखले. ही अडचण १९५४ मध्ये बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी एकसारख्या जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण करून टाळली.

पहिल्या महायुद्धात कारेल यांनी रसायनतज्ज्ञ हेन्री डेकिन यांच्यासह जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ केली. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या साहाय्याने त्यांनी शरीराबाहेर अवयव जिवंत ठेवणारा पंप १९३५ मध्ये सादर केला.

वादग्रस्त विचार

१९३५ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात कारेल यांनी सुप्रजाजननशास्त्राचा पुरस्कार केला व काही गुन्हेगारांना विषारी वायूने मारण्याचे समर्थन केले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनधार्जिण्या व्हिशी सरकारच्या आश्रयाने त्यांनी पॅरिसमध्ये संस्था चालवली. फ्रान्सच्या मुक्ततेनंतर त्यांच्यावर सहकार्याचा आरोप झाला. परंतु खटला उभा राहण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. पुढे १९९० च्या दशकात फ्रान्समधील अनेक रस्त्यांना दिलेले त्यांचे नाव काढण्यात आले. त्यांनी घालून दिलेली टाक्यांची रीत मात्र शस्त्रक्रियागृहात आजही शिकवली जाते.